आजींचे घंगाळ : बफ मारण्यापूर्वी काही गोष्टी

जुन्या नाशकातील आपला वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना माळ्यावरच्या पोत्यातून आजींची चार भांडी निघाली, असे आपण लिहिले आहे: दोन कड्यांचे तांब्याचे घंगाळ, काठाला चीर गेलेले पितळी तपेले, डाखाने, म्हणजे कथील-शिशाच्या जोडाने, तोंड बंद केलेला गंगेचा गडू आणि एक साधा तांब्या. घंगाळ काळे पडले आहे, मधूनमधून हिरवे डाग आहेत आणि काठाखाली ठिपक्यांनी काढलेली पुसट अक्षरे आहेत. त्यांतील ‘चि. सौ. कां.’, त्यापुढचे घरात कोणाच्याही परिचयाचे नसलेले एक नाव, ‘मामाकडून’ आणि ‘शके १८६६’ एवढेच लागते. वहिनींच्या मते सगळ्यांना बफ मारून आणावा, धाकट्या बंधूंच्या मते वजनावर मोडीत घालून तिघा भावंडांना नव्या वस्तू घ्याव्यात, आणि आपल्याला मात्र यातले काय वापरता येईल, काय नुसते जपावे व तिघांत वाटणी कशी करावी, हे हवे आहे.

माझे स्पष्ट मत आधी सांगतो. घंगाळाला बफ मारू नका आणि घंगाळ मोडीतही घालू नका. त्यावरची अक्षरे पूर्ण वाचून, त्यांचा ठसा व छायाचित्रे घेऊन होईपर्यंत त्याला चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर यांपैकी काहीही लावू नका. तपेल्याचा आणि तांब्याचा विचार निराळा आहे आणि गडूचा त्याहून निराळा. त्यांच्याकडे क्रमाने येतो.

भांड्यांच्या दुरुस्तीत आणि जपणुकीत माझी हयात गेली, आणि या काळात सर्वाधिक नुकसान मी प्रेमापोटी केलेल्या घासकामानेच झालेले पाहिले आहे. बफ म्हणजे वेगाने फिरणारे कापडी चाक. त्याला घर्षक पूड मिसळलेली मेणाची वडी लावतात आणि भांडे त्यावर दाबून धरतात. भांडे चकाकते ते वरचा थर निघून गेल्यामुळे, आणि त्या थराबरोबर थोडा धातूही जातो. सपाट परातीच्या बाबतीत हे चालून जाईल. आपल्या घंगाळावरची अक्षरे मात्र टोकदार छिन्नीवर हातोडीचा हलका ठोका देत एकेक ठिपका उठवून काढलेली आहेत. छिन्नीचे टोक आत जाते तेव्हा तेथला धातू नाहीसा होत नाही, तो बाजूला सरकून ठिपक्याभोवती केसाएवढी कड उभी राहते. अक्षर डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते ते या कडेमुळे. बफाचे चाक नेमके तिलाच आधी खाते, आणि उरलेल्या खळग्यात वडीचे काळे मेण जाऊन बसते. त्यानंतर अक्षरांच्या जागी केवळ धुरकट रेघ उरते आणि ‘येथे काहीतरी लिहिलेले होते’ यापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही.

दुसरी हानी मठारकामाची. हाताने घडवलेल्या भांड्याच्या अंगावर तांबटाने ओळीने ठोके देऊन छोटे छोटे पैलू पाडलेले असतात. मठारल्याने पत्रा कडक होतो, भांडे सहजी पोचत नाही आणि उजेड त्यावर तुकड्यातुकड्यांनी खेळतो. नाशिकचे तांब्या-पितळेचे काम जुने आहे. १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडातही त्याची नोंद आहे. आपला वाडा तांबट लेन आणि भांडी बाजार यांपासून फार लांब नसणार, त्यामुळे हे घंगाळ याच गावात घडलेले असण्याचा संभव आहे, परंतु मामांचे गाव कोणते ते कळल्याखेरीज मी तसे ठामपणे म्हणणार नाही.

आता अक्षरांविषयी. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. ते अपरिचित नाव पाहून ‘घंगाळ बहुधा दुसऱ्याच कोणाचे, जुन्या बाजारातून आलेले असावे’ असा तर्क आपल्या घरात झाला, असे आपण म्हणता. मला तसे वाटत नाही. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हे उपपद लग्न ठरलेल्या मुलीच्या नावामागे लागते. लग्नपत्रिकेत वधूच्या नावामागे आपण ते आजही छापतो. एकदा लग्न लागले की तीच मुलगी ‘सौ.’ होते. म्हणजे भांड्यावर नाव घातले गेले ते लग्नापूर्वी, आणि घातले गेले ते माहेरचे नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून वधूचे पहिले नावही बदलण्याची चाल होती, आणि आपल्या आजींच्या पिढीत तर ती बहुतेक घरांत पाळली जात असे. आपण त्यांना ज्या नावाने ओळखत होतात ते सासरचे. घंगाळावरचे नाव त्यांचे स्वतःचे, जन्मापासूनचे असावे, असा माझा कयास आहे.

हे पडताळून पाहता येते. शके १८६६ मध्ये ७८ मिळवले की इसवी सन १९४४ येते. मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे लग्न वैशाख-ज्येष्ठातले असेल तर १९४४ धरावे आणि माघ-फाल्गुनातले असेल तर ७९ मिळवून १९४५ धरावे. आजी-आजोबांच्या लग्नाचे वर्ष आपल्या आत्याबाईंना ठाऊक असेल, निदान थोरल्या अपत्याच्या जन्मवर्षावरून अंदाज बांधता येईल. ते जुळले तर शंकेला फारशी जागा उरत नाही. शिवाय तो दुसऱ्या महायुद्धाचा, महागाईचा आणि रेशनिंगचा काळ होता. त्या दिवसांत भाचीच्या लग्नात एवढ्या वजनाचे तांब्याचे घंगाळ देणे ही मामांनी खिशाला चांगलीच झळ सोसून केलेली गोष्ट असणार.

येथे थोडे विषयांतर करतो. जुन्या कागदपत्रांत बायकांची नावे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. सातबारा पुरुषांच्या नावे, वाड्याचे खरेदीखत पुरुषांच्या नावे, आणि रेशनकार्डावर सासरचे नाव. माहेरचे नाव उरते ते आहेराच्या भांड्यांवर. म्हणून कोणी जुनी भांडी घेऊन आले की मी आधी काठाखाली, बुडाशी आणि कडीच्या मागे पाहतो. मोडीच्या ढिगात जाणाऱ्या कळशीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे वाचायला मिळते तेव्हा ती विकणाऱ्याला मी एकदा तरी विचारतोच की हे अमुक आपले कोण. पुष्कळदा उत्तर येत नाही. दुकानदाराने असले प्रश्न विचारू नयेत, असे माझ्या मुलाचे मत आहे.

अक्षरे वाचण्यासाठी घासण्याची गरज नाही. सकाळी किंवा दुपार कलल्यावर घंगाळ खिडकीशी असे ठेवा की उजेड पत्र्याच्या अंगाला घासून, आडवा यावा. समोरून दिवा टाकला की ठिपके बुजतात. तिरप्या उजेडात प्रत्येक ठिपक्याची एक कड उजळते आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. घंगाळ थोडे थोडे फिरवत मोबाइलने भरपूर छायाचित्रे घ्या आणि ती मोठी करून पाहा. ठशासाठी पतंगाचा किंवा तसलाच पातळ कागद अक्षरांवर ताणून धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना न लागलेले अक्षर कागदावर पुष्कळदा उमटते, विशेषतः आडनावाचे. धूळ असेल तर आधी कोरड्या, मऊ कुंचल्याने झटका. ओला बोळा फिरवू नका, कारण ठिपक्यांत चिखल होऊन बसतो.

मामांचे आडनाव आणि मूळ गाव हाती लागले तर आपण नाशकात राहत असल्याचा एक फायदा आहे. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात, आणि त्या गाव व आडनाव यांवरून शोधता येतात. क्रियाकर्मासाठी किंवा सिंहस्थाला त्या घरातले कोणी कधी रामकुंडावर आले असेल, तर त्यांच्या हाताने लिहिलेली कुटुंबाची नोंद मिळू शकते, आणि तीत घरातील मुलीबाळींची नावेही कधीकधी असतात.

ठसा आणि छायाचित्रे झाल्यावर स्वच्छतेकडे वळावे. घंगाळाचा काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. हवेतील प्राणवायू व गंधकाशी संयोग होऊन बनलेला तो तांब्याचाच घट्ट थर आहे आणि खालच्या धातूचे तो रक्षण करतो. तो काढला की ताजे तांबे उघडे पडते, काही दिवसांतच पुन्हा काळवंडते आणि पुन्हा घासावे लागते. तेव्हा बाहेरच्या अंगाला कोमट पाणी, भांडी घासण्याच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब आणि जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा एवढे पुरे. काथ्या नको, तारेची घासणी तर नकोच नको. धुतल्याबरोबर कोरडे पुसून घडीभर उन्हात ठेवावे. बुडाखाली बंबाची किंवा चुलीची काजळी असेल तर ती मी तशीच राहू देईन. ती कोणाला दिसत नाही आणि धातूला अपायही करत नाही. आतल्या बाजूस पाण्याचे पांढरे क्षार साठले असतील तर भरपूर पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून तेवढ्याच भागावर फडक्याने लावावा आणि लगेच स्वच्छ धुवावे.

चिंच आणि मीठ एकत्र करून घासण्याची आपली घरगुती पद्धत रोजच्या भांड्याला ठीक आहे. जुन्या, ठिपक्यांच्या अक्षरांच्या आणि सांध्याच्या भांड्याला ती ठीक नाही. मिठातील क्लोराइड बारीक खळग्यांत दडून बसते आणि आर्द्रता मिळाली की आतून धातू खाऊ लागते. पितळेवर आंबट पदार्थ फार वेळ ठेवला तर पृष्ठभागावरचे जस्त विरघळून जाते आणि भांड्यावर लालसर गुलाबी चट्टे उठतात. ‘घासून घासून तांबे वर आले’ असे बायका म्हणतात ते अक्षरशः खरे असते.

हिरव्या डागांची पारख करावी लागते. गडद, घट्ट, नखाने न निघणारा हिरवा थर स्थिर असतो. त्याला हात लावू नये. तेलातुपाच्या संपर्काने आलेला, समईच्या तेलात दिसतो तसा चिकट मेणचट हिरवा कळंक साबणाच्या कोमट पाण्याने निघतो. काळजी करण्याजोगा प्रकार तिसरा: फिकट हिरवा, पिठासारखा, बोटाला लागणारा आणि पुसला तरी पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा फुलणारा. तो क्लोराइडचा रोग आहे. अशी जागा बांबूच्या काडीने हलकेच मोकळी करून शुद्ध केलेल्या, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने, पाणी बदलत बदलत पुष्कळदा धुवावी, पूर्ण वाळवावी आणि लक्ष ठेवावे. तरीही पुन्हा उमटली तर घरचे उपाय थांबवून धातूच्या संवर्धकाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. तेथे विचारणा करता येईल.

आता तपेल्याकडे. काठापासून खाली आलेल्या चिरेजवळ पोचा किंवा आपटल्याची खूण नाही, असे आपण लिहिले आहे, आणि पोते पूर्वी तळमजल्यावरच्या गोठ्याशेजारच्या खोलीत होते, असेही. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की कारण जवळजवळ निश्चित होते. पितळेचे भांडे ठोकून घडवताना पत्र्यात ताण कोंडून राहतो. तांबट ताव देऊन, म्हणजे भांडे तापवून, तो बराचसा काढतो, पण शेवटच्या ठोक्यांचा ताण काठाशी उरतोच. अशा ताणलेल्या पितळेला दमट हवेत अमोनिया लागला की कोणीही हात न लावता ते तडकते. इंग्रजांच्या लष्कराला हा अनुभव हिंदुस्थानातच आला होता: पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांची पितळी आवरणे आपोआप चिरत, आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया व धातूतील ताण यांचा संबंध १९२१ साली शास्त्रज्ञांनी नीट मांडला. आपल्या गोठ्यातही तेच घडले असावे. यातून व्यवहाराचा धडा एवढाच की काचा पुसण्याची किंवा धातू चमकवण्याची जी द्रावणे नाकात झोंबतात ती पितळेला लावू नयेत आणि चिरलेले तपेले कोणाला ‘ठोकून सरळ’ करू देऊ नये; एका ठोक्यात चीर बुडापर्यंत जाईल.

चीर बुजवायची असेल तर डाख नको. डाखात कथिलाबरोबर शिसे असते आणि अन्नाच्या भांड्यात शिसे येता कामा नये. पितळी झाळ देऊन, म्हणजे चिरेत पितळ वितळवून, ती पक्की बसवता येते, परंतु त्या आचेने भांड्याचा जुना रंग त्या भागात जळतो आणि जोड कायमचा दिसतो. तपेल्यावर नाव नाही, घडण साधी आहे आणि आपल्याला सणावाराला त्यात पुरण शिजवण्याची हौस आहे, म्हणून या एका भांड्याच्या बाबतीत मी दुरुस्तीला होकार देईन. वापरात राहिलेले भांडे नव्या पिढीच्या हाताला ओळखीचे होते, आणि माळ्यावर परत गेलेले भांडे पुढच्या पिढीत मोडीलाच जाते.

मात्र झाळ दिल्यावर आतून कल्हई केल्याखेरीज त्यात काहीही शिजवू नका. जुन्या पितळेत तांबे आणि जस्ताबरोबर थोडे शिसेही असू शकते, आणि कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हे आजींना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. कल्हईवाला भात्यावर भांडे तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि तापल्या अंगाला कथिलाची कांडी टेकवताच ती लोण्यासारखी वितळते. मग कापसाच्या बोळ्याने ते रुपेरी पाणी तो क्षणात सगळीकडे फिरवतो आणि भांडे पाण्यात बुडवतो. हे सारे त्याच्यासमोर उभे राहून करून घ्या आणि आधी कांडी हातात मागा. शुद्ध कथील कानाजवळ धरून वाकवले तर आतून करकर असा आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते आणि कागदावर ओढले की पेन्सिलीसारखी करडी रेघ उठवते. रेघ स्पष्ट उठली तर ती कल्हई घेऊ नका, कल्हईवाला कितीही ओळखीचा असो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, त्यात खमंग फोडणी करण्याच्या फंदात पडू नये आणि ढवळायला लाकडी पळी वापरावी. आत पिवळा धातू डोकावू लागला की पुन्हा कल्हई करावी.

साधा तांब्या निर्धास्त वापरा. स्वच्छ धुऊन रात्री साधे पाणी भरून ठेवायला हरकत नाही. लिंबाचे सरबत, ताक किंवा कोकम मात्र त्यात ओतू नका.

गंगेच्या गडूबाबत मी अधिक सावध आहे. काशीहून आलेल्या माणसाने असा गडू आणायचा, तो देवघरात ठेवायचा आणि अखेरच्या वेळी दोन थेंब मुखात घालायचे, ही रीत आपल्याकडे घरोघर होती. त्याचे तोंड बंद केलेले असते ते डाखाने. तो गरम पाण्याने धुऊ नका, उन्हात तापू देऊ नका, आणि वाळवण्यासाठी गॅसजवळ तर मुळीच ठेवू नका; बंद भांड्यातले पाणी तापले की वाफेच्या दाबाने सांधा सुटतो आणि थेट ज्योत लागली तर डाखच वितळतो. कोरड्या फडक्याने पुसून एका वाटीत ठेवा, म्हणजे पाझर असेल तर वाटीत ओल दिसेल. उघडायचा की नाही हा आपल्या घराच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण उघडलात तर ते पाणी प्राशनासाठी कोणालाही देऊ नका, आजाऱ्याला तर नाहीच, कारण इतकी वर्षे ते शिशाच्या डाखाशी आणि तांब्याशी लागून आहे. शिंपडावे किंवा गोदावरीत सोडावे.

बंधूंच्या सूचनेविषयी दोन शब्द. मोडीचा भाव वजनावर होतो, त्यात घट धरली जाते आणि भांडे भट्टीत जाते. मामांच्या अक्षरांना, मठारकामाला आणि कड्यांना त्या तराजूत काहीही किंमत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घराघरांत आले तेव्हा नाशकातल्या वाड्यांतून तांब्या-पितळेची अशी भांडी पोत्यांनी भांडी बाजारात आली आणि वितळली. नदीकाठच्या वाड्यांतली काही त्याच काळात, १९६९ च्या महापुरात गेली. आपल्याकडची टिकली आहेत. पैशाची खरोखर निकड असेल तर गोष्ट वेगळी, पण तसे आपल्या पत्रावरून दिसत नाही.

वाटणी वजनाने करू नका. एक घंगाळ दर वर्षी एकेकाकडे फिरते ठेवण्याची कल्पना ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात प्रवासात पोचे पडतात, कड्या सैल होतात, आणि दोन-चार वर्षांनी ते नेमके कोणाकडे आहे यावरून कुरबूर सुरू होते. ज्याच्या घरात ते रोज डोळ्यांसमोर राहील आणि ज्याला काठाखाली काय लिहिले आहे ते आपल्या मुलांना सांगायला आवडेल, त्याच्याकडे ते कायमचे जावे. तपेले शिजवणाऱ्याकडे, गडू ज्याच्याकडे घरचे देव आहेत त्याच्याकडे, तांब्या उरलेल्याकडे. आणि अक्षरांचा ठसा तिघांकडे चौकटीत. कोणते भांडे कोणाकडे गेले आणि ते कोणाचे होते, हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. त्या कागदाची एक प्रत घंगाळात ठेवावी.

आत्याबाईंशी बोलणे मात्र लांबणीवर टाकू नका. ‘आजीच्या आठवणी सांग’ असे म्हटले की माणूस गोंधळतो आणि चार ठरावीक वाक्ये बोलतो. घंगाळ त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि साधे, नेमके विचारा: नरकचतुर्दशीच्या पहाटे हे कोठे मांडत, पाणी बंबातून आणत की चुलीवरून, पहिली आंघोळ कोणाची, बाळंतिणीला हेच देत का, मामा पुढे कधी घरी येत का, त्यांना आजी काय म्हणून हाक मारत. आपण पाठवलेल्या छायाचित्रात एका कडीची आतली बाजू दुसरीपेक्षा अधिक झिजलेली दिसते. म्हणजे भांडे वर्षानुवर्षे एकाच बाजूने ओढले जात होते, बहुधा भिंतीशी किंवा मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेले असल्यामुळे. ती मोरी वाड्यात कोठे होती, हे आत्याबाई क्षणात सांगतील, आणि वाडा पाडण्यापूर्वी ती जागा पाहून घेता येईल. बोलणे ध्वनिमुद्रित करा, त्यांची हरकत नसेल तर.

राहिली साठवण. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका आणि झाकणाला रबर लावू नका. कागदातील आम्ल, कोंडलेली ओल आणि रबरातील गंधक या तिन्हींनी तांबे डागाळते. नव्या प्लायवुडच्या बंद कपाटातही काही महिने ठेवू नये. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून उघड्या फडताळात ठेवावे. हात लावताना घामट बोटे अक्षरांवर टेकवू नयेत, कारण घामात मीठ असते. नाशिकची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, पण आषाढ-श्रावणात भिंतीही ओल धरतात. त्या दोन महिन्यांत एकदा कापड सोडून ठिपक्यांत फिकट हिरवे पीठ आले आहे का, ते पाहावे. तपेले दुरुस्तीला आणणार असाल तर पावसाळा संपल्यावर आणा, आणि येण्यापूर्वी ते घासू नका. चिरेचे टोक कोठवर गेले आहे ते जुन्या थरावरच स्पष्ट दिसते, आणि झाळ कोठून सुरू करायची हे मला त्यावरूनच ठरवता येते.